आजाऱ्यांच्या यादीतलं नाव

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी पत्नी विजया नगरच्या रुग्णालयात वारली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता माती झाली. माझा धाकटा भाऊ प्रेमानंद मातीला आला नाही.

तो सिंगापूरला होता. त्यानं फोनवरून प्रार्थना केली. आमच्या पाळकांनी फोन ध्वनिक्षेपकापाशी धरून ती कबरस्तानात जमलेल्या मंडळींना ऐकवली. मधे दोनदा आवाज तुटला. प्रार्थना छान झाली, असं नंतर चारपाच जणांनी मला सांगितलं. प्रेमानंदला प्रार्थना नेहमीच छान जमते.

सप्टेंबरात मी सिंगापूरला जाऊन आलो. नगरमध्ये सगळ्यांना वाटलं, म्हातारा हवापालटाला चालला. मीही तसंच वाटू दिलं. प्रत्यक्षात मला त्याला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो फोनवर विचारायचा नव्हता. तू का आला नाहीस, एवढाच.

हा प्रश्न एवढा मोठा का, ते सांगायला हवं. आमची आई गेली तेव्हा प्रेमानंद दहा वर्षांचा होता आणि मी तेवीसचा, कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच लागलेलो. पुढच्या वर्षी विजया लग्न होऊन घरात आली. त्याची दप्तरं तिनं शिवली, रविवारच्या शाळेची वचनं तिनं पाठ करून घेतली, टायफॉइडमध्ये एकवीस दिवस उशाशी ती बसली. आम्हाला मूल झालं नाही. त्याबद्दल कोणी हळहळलं की ती म्हणायची, आमचा प्रेमा आहे की. प्रेमा शिकला, पुण्याला बँकेत अधिकारी झाला, त्याचं लग्न झालं, त्याला नितीन झाला, नितीन इंजिनिअर होऊन सिंगापूरला गेला आणि तिथंच कायमचा राहिला. प्रेमानंद निवृत्त झाल्यावर त्याला आणि त्याच्या बायकोला, सुहासिनीला, मुलाच्या जोरावर तिथं राहायचा पास मिळाला. उरलेलं आयुष्य प्रभूच्या सेवेत घालवायचं त्यांनी ठरवलं.

आमच्या चर्चमध्ये निरोपाची खास उपासना झाली. हार, शाल, भाषणं. एकेकाळी परदेशातून लोक बोटीनं येऊन आपल्याला शास्त्र देऊन गेले, आता आपला माणूस परदेशी सेवेला निघाला, असं मंडळीच्या कारभारी वडिलांपैकी एक जण म्हणाले आणि टाळ्या पडल्या. ते बोटीनं आलेले लोक पटकीत आणि दुष्काळात आले होते. आमचा माणूस जिथं चालला होता तिथली स्टेशनंसुद्धा वातानुकूलित आहेत, हे मी शेजारी बसलेल्या विजयाच्या कानात म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. लेकरू चाललंय." लेकरू तेव्हा साठ वर्षांचं होतं.

वर्षभरानं ती आजारी पडली. दीड वर्ष आजारी होती.

हौगांग

विमानतळावर नितीन आला होता. ज्यांनी सिंगापूर पाहिलं नाही त्यांनी एक मोठं, नुकतंच पुसलेलं रुग्णालय डोळ्यांपुढे आणावं, ज्यात झाडंही नर्सच्या देखरेखीखाली वाढतात. रस्त्यात कुठं कोणी ओरडत नाही. भिंतीभिंतीवर सूचना आहेत. इथं थुंकू नका, इथं सायकल लावू नका, गाडीत खाऊ नका, ते फणसासारखं दिसणारं वासाचं फळ आत आणू नका. माणसाला स्वतःहून काही सुचू शकेल यावर त्या शहराचा विश्वास नसावा.

नितीनचा फ्लॅट हौगांगला अकराव्या मजल्यावर आहे. प्रेमानंद दारातच उभा होता. "सलाम, दादा," म्हणून त्यानं मिठी मारली. तो वाळला होता आणि त्याच्या अंगात केशरी टीशर्ट होता. पाठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, मी तुमच्यासाठी आहे. साठी उलटलेल्या माणसाला पाठीवर लिहून सांगावं लागतं, एवढ्यावरूनच मी काय ते ओळखलं.

जेवणाआधी त्यानं प्रार्थना केली. माझ्या सुखरूप प्रवासाबद्दल, व्हिसाबद्दल, भाताबद्दल, माशाबद्दल आणि इमारतीची लिफ्ट दुरुस्त झाल्याबद्दल आभार मानले. मी डोळे मिटून वाट पाहत होतो. विजयाचं नाव आलं नाही. जेवतानाही आलं नाही. सुहासिनीनं लिटल इंडियातून हुलगे आणून शेंगोळे केले होते. ही विजयाची कृती, तिनंच तिला शिकवलेली. मी एक घास खाल्ला आणि ताटाकडे बघत बसलो. प्रेमानंद उठला आणि पाणी आणायला आत गेला. तो बराच वेळ आला नाही.

भिंतीवर कॅलेंडर होतं. सोमवारी रुग्णालयातल्या भेटी, मंगळवारी वृद्धांच्या घरी, बुधवारी प्रार्थनासभा, शुक्रवारी डबे वाटप, प्रत्येकाला वेगळा रंग. बँकेत असताना रजेचे तक्ते तो असेच रंगवायचा. मी सुहासिनीला विचारलं की गुरुवारी काय असतं. ती म्हणाली, "गुरुवारी आम्ही दमतो, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं की विचारून टाकायचं. आम्ही दोघं आणि नितीनची आठ वर्षांची मुलगी रूथ खालच्या हॉकर सेंटरला नाश्त्याला गेलो. एका छपराखाली पन्नास दुकानं आणि मधे टेबलं, असा तो प्रकार. प्रेमानंद रांगेत उभा राहिला. मी एक मोकळं टेबल बघून बसलो. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट होतं. मला उकाड्यानं घाम आला होता. पाकीट फोडून मी तोंड पुसलं, मान पुसली, चष्मा पुसला आणि उरलेले रुमाल खिशात ठेवले. सरकारी सोय असेल असं मला वाटलं. त्या शहरात काहीही सरकारी असू शकतं.

"मोठे आजोबा, कॅनॉट ला," रूथ अर्ध्या तिथल्या बोलीत कुजबुजली. "ही जागा चोप केलीये."

एक बाई हातात दोन वाडगे घेऊन समोर उभी होती आणि माझ्या मानेकडे बघत होती. मग कळलं की जागा अडवायची ती रीत आहे. आधी पाकीट ठेवायचं, मग रांगेत जायचं. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच. फरक इतकाच की आपल्याकडे त्यावरून भांडण होतं आणि सगळी गाडी त्यात भाग घेते. ती बाई वाडगे सावरून दुसरीकडे गेली. मला शिव्या बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रेमानंद खोबऱ्याचा गोड जाम लावलेले टोस्ट, अर्धीकच्ची अंडी आणि कॉफी घेऊन आला. रूथनं त्याला सगळं इंग्रजीत सांगितलं आणि तो हसला. लहानपणी हसायचा तसा, खांदे हलवून. त्या हसण्यानंतर मला विचारवेना. अंडी मात्र भिकार होती.

तोआ पायोह

मंगळवारी मला त्यांनी सोबत नेलं. मलाही केशरी टीशर्ट दिला. मी तो घडी करून पिशवीत ठेवला आणि पांढऱ्या सदऱ्यात गेलो.

तोआ पायोह जुना भाग आहे. तिथं एकेका खोलीची घरं असलेल्या इमारती आहेत आणि त्यांत एकटी म्हातारी माणसं राहतात. श्रीमंत शहरानं आपली म्हातारी माणसं कपाटात ठेवावीत तशी नीट रचून ठेवली आहेत. कुलपं नाहीत, एवढंच. केशरी सदरे आठवड्यातून एकदा कपाट उघडून बघतात. प्रत्येक घराला वीस मिनिटं. आल्यावर एक गाणं, किराण्याची एक पिशवी, एक प्रार्थना, आणि शेवटी कागदावर खुणा. जेवण व्यवस्थित आहे का, औषध घेतात का, मन प्रसन्न आहे का. मन प्रसन्न असण्यासाठी एक चौकोन होता. मी चाळीस वर्षं ग्रंथालयात कार्डं भरली. जी गोष्ट कार्डावर बसत नाही तिच्यासाठी आम्ही 'संकीर्ण' असा एक खण ठेवायचो. यांच्याकडे तेवढंही नव्हतं.

तिसरं घर गोह आजींचं होतं. ऐंशी उलटलेली चिनी बाई, पायांना सूज, केस पुरुषासारखे कापलेले. खोलीत पलंग, टीव्ही आणि लाल रंगाचा एक छोटा देव्हारा. त्यात तिच्या नवऱ्याचा फोटो, पुढे उदबत्त्या, दोन संत्री आणि कपभर काळी कॉफी. कॉफीतून वाफ येत होती.

"तिकडे बघायचं नसतं आपण," सुहासिनी माझ्या कानाशी म्हणाली.

मी बघितलं. आम्ही गाणं सुरू करण्याआधी गोह आजी फोटोकडे वळून काहीतरी बोलली, तक्रारीच्या सुरात. पाहुणे आलेत, जरा नीट बस, असं म्हणावं तशी. मग आमच्याकडे वळून हात जोडून ऐकायला बसली. प्रेमानंद आणि सुहासिनी देव्हाऱ्याकडे पाठ करून गायले. त्या एवढ्याशा खोलीत पाठ करणं सोपं नव्हतं.

आमच्यात मेलेल्यांशी बोलत नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थनाही करत नाहीत. माणूस गेला की तो प्रभूच्या हाती, आपलं काम संपलं. मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागायचं, बस्स. ही शिकवण आम्हाला दुधाबरोबर मिळालेली आहे आणि मी तिच्यावर कधी विचार केला नव्हता. त्या कॉफीच्या कपाकडे बघताना पहिल्यांदा केला.

गाणं संपल्यावर प्रेमानंद कागद भरायला लागला. गोह आजीनं मला निरखून पाहिलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "बायको आहे?"

"होती," मी म्हणालो.

"कधी?"

"सात महिने झाले."

तिनं मान हलवली. फोटोकडे बोट दाखवून सहा बोटं वर केली. सहा वर्षं. मग उठून एक संत्रं आणून माझ्या हातात दिलं. देव्हाऱ्यातलं.

मी प्रेमानंदकडे पाहिलं. तो आमच्याकडे पाठ करून होता. त्याचा पेन थांबला होता. मग तो एकदम वळला आणि म्हणाला, अजून एक गाणं गाऊ या. वीस मिनिटं होऊन गेली होती. तरी तो गायला, तीनही कडवी, फार मोठ्यानं.

खाली आल्यावर सुहासिनी म्हणाली की ते संत्रं खाऊ नका, दादा, मूर्तीपुढचं आहे. मी ते बसथांब्यावर सोलून खाल्लं. आंबट होतं.

बुधवारची सभा

त्यांची मंडळी एका कारखान्यांच्या इमारतीत जमते. खालच्या मजल्यावर मोटारींचे टायर, वरच्या मजल्यावर प्रभू. आत गालिचा आणि थंड हवा आणि ढोल वाजवणारा एक मनुष्य काचेच्या पेटीत बसवलेला, आवाज फार होऊ नये म्हणून. त्या शहरात ढोलसुद्धा शिस्तीत राहतो.

दारात प्रत्येकाला छापील कागद मिळाला. त्या आठवड्याच्या प्रार्थनेची यादी. वरती कामं, मग प्रवासात असलेले, मग आजारी, मग शोकात असलेले. यादी बघितली की मी वाचतोच, तो धंद्याचा रोग आहे. आजाऱ्यांत नऊ नावं होती. सातवं नाव होतं: भगिनी विजया, भारत, प्रकृती पूर्ववत होण्यासाठी.

दुसरी कोणी विजया असेल, असं मला आधी वाटलं. भारतात विजया काही कमी नाहीत. तेवढ्यात शेजारच्या बाईंनी माझा हात धरला. या मिसेस लिम, निवृत्त शिक्षिका, पिवळ्या चौकटीचा चष्मा, प्रेमानंदच्या गटाच्या प्रमुख.

"तुम्ही ब्रदर प्रेमचे मोठे भाऊ ना?" त्या म्हणाल्या. "आम्ही तुमच्या मिसेससाठी दर बुधवारी प्रार्थना करतो. दोन वर्षं झाली, एकदाही चुकलो नाही. आता बरं आहे ना त्यांना?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. फार भल्या बाई होत्या. मी काहीतरी पुटपुटलो, ते त्यांनी हो असं समजून घेतलं. मग दिवे मंद झाले आणि यादी वाचली जाऊ लागली. सातवं नाव आल्यावर साठसत्तर माणसं, चिनी, तमिळ, फिलिपिनी, एकदम म्हणाली, तिला बरं कर. विजया तेव्हा नगरच्या कबरस्तानात चिंचेखाली होती आणि तिच्यावरची माती एका पावसाळ्यानं खचून दुसऱ्यांदा भरून झाली होती.

माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते सांगतो. मला वाटलं, हीच यांची सेवा. जिवंत माणसाला वीस मिनिटं आणि मेलेल्या माणसाला सात महिने. यादी सुधारायलाही कोणाला सवड नाही. आमच्या ग्रंथालयात वाळवीनं खाल्लेलं पुस्तक जूनमध्ये नोंदवहीतून कमी केलं नाही तर कारण द्यावं लागायचं. इथं माणूस कमी करायचं राहून गेलं होतं.

घरी परतताना, प्रेमानंद पुढे चालत असताना, मी सुहासिनीला विचारलं की ती यादी कोण करतं.

"हेच की," ती म्हणाली. "दर मंगळवारी दुपारी. कोणाला हात लावू देत नाहीत."

"तू वाचतेस का ती?"

ती चालता चालता थांबली. "वाचते, दादा," ती म्हणाली. "मी दोनदा बोलले त्यांना. तिसऱ्यांदा बोलले तेव्हा ते जेवले नाहीत."

सेम्बावांग

शनिवारी म्हाताऱ्यांना घेऊन सेम्बावांगला जायचं होतं. बेटाच्या उत्तरेला जमिनीतून गरम पाणी येतं. आपल्याकडे वज्रेश्वरीला कुंडं आहेत, देऊळ आहे, पेढ्यांची दुकानं आहेत, साबणाचा फेस आहे. इथं लष्कराच्या जागेत कुंपणाची एक लांब वाट, शेवटी फरशी आणि काही नळ. माणसं घरून प्लॅस्टिकची टबं घेऊन येतात, नळाचं कढत पाणी भरतात, थंड होईपर्यंत थांबतात आणि पाय बुडवून बसतात. एक कुटुंब त्या पाण्यात अंडी उकडत होतं. त्या शहरात मला आवडलेली ही एकच जागा. सूचना तिथंही होत्या, पण कोणी वाचत नव्हतं.

प्रेमानंदच्या गटानं सहा म्हाताऱ्यांना खुर्च्यांवर बसवलं आणि त्यांचे पाय धुवायला घेतले. पाय धुण्याला आमच्यात अर्थ आहे, तो मी जाणतो. पण त्याचे फोटो काढायचे नसतात असं मला वाटायचं. मिसेस लिम फोटो काढत होत्या. प्रेमानंद गोह आजीपुढे उकिडवा बसला होता. टमरेलानं तिच्या सुजलेल्या पायांवर पाणी घालत होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. मिसेस लिम पलीकडे गेल्यावर मी मराठीत म्हणालो, "त्या बाईंनी मला विचारलं, विजयाला बरं आहे का."

तो पाणी घालत राहिला. "काय सांगितलंस?"

"काही नाही. यादी तुझी आहे. काय सांगायचं ते तू सांग."

त्यानं टमरेल पुन्हा भरलं. पाणी ओतलं नाही, नुसतं धरलं.

"मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करता येत नाही, दादा," तो म्हणाला. "आपल्यात नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"आजाऱ्यासाठी करता येते." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी फेब्रुवारीत यादी करायला बसलो. नाव काढलं. मग मला कळेना, पुढच्या बुधवारी मी तिचं नाव कुठं घ्यायचं. त्याला जागाच नाही. एकही मथळा नाही. रोज सकाळी उठून पहिलं नाव तिचं घ्यायचो मी, दादा. दीड वर्षं. तिनंच लावलेली सवय, आधी घरातल्या आजारी माणसाचं नाव. आणि एका दिवसात तोंड बंद करायचं? मी परत घातलं नाव. म्हटलं एवढा एक आठवडा."

सात महिन्यांचे किती आठवडे होतात ते मी मोजलं नाही. माझा प्रश्न मात्र विचारला.

"तू का आला नाहीस?"

"बॅग भरली होती. नितीन टॅक्सी घेऊन खाली उभा होता." त्यानं टमरेल फरशीवर ठेवलं. "आलो असतो तर ती दिसली असती पेटीत. मग कसली यादी."

सात महिने मी या उत्तराची वाट पाहत होतो आणि त्याच्यासाठी माझी वाक्यं तयार होती, सगळी नीट रचलेली. तू परक्यांचे पाय धुतोस. तू पाठीवर लिहून हिंडतोस. त्यातलं एकही आठवलं नाही.

"मला दिसली," मी म्हणालो. "झाकण मी एकट्यानं लावलं. ते दोघांचं काम होतं, प्रेमा."

तो तसाच फरशीवर उकिडवा बसून राहिला, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओले. शाळेत न जाण्यासाठी तो असाच चुलीपाशी बसायचा आणि विजया त्याला उठवायची. मी उठवलं नाही. मला राग आलेला होता आणि तो अजूनही येतो. ज्याला दुःख सोसत नाही तो सेवेला लागतो आणि ज्याला पळायला जागा नाही तो कबरस्तानात उभा राहतो, असं मला तेव्हा वाटलं. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही.

गोह आजीनं पायानं टब ढकलला.

"थंड झालं," ती इंग्रजीत म्हणाली. "गरम आण."

प्रेमानंद उठला आणि नळाकडे गेला.

यादी

पुढच्या मंगळवारी तो वृद्धांच्या भेटींना गेला नाही. दुपारी जेवणाच्या टेबलावर संगणक उघडला आणि मला बोलावलं. रूथ शाळेत होती. सुहासिनी स्वयंपाकघरात होती, भांड्यांचा आवाज न करता.

आजाऱ्यांत त्या आठवड्यात दहा नावं होती. तो सातव्यापाशी थांबला. "तू काढ, दादा," तो म्हणाला.

मी चाळीस वर्षं नोंदी कमी केल्या आहेत, मला ते जमलं असतं. "यादी तुझी आहे," मी पुन्हा म्हणालो.

त्यानं काढलं. दहाची नऊ झाली. मग खाली, शोकात असलेल्यांच्या मथळ्याखाली त्यानं माझं नाव लिहिलं. ब्रदर यशवंत, भारत, पत्नीच्या निधनाबद्दल. आणि फाइल बंद करायला लागला.

"तुझं?" मी विचारलं.

त्याला खरोखरच समजलं नाही. "माझं कसं, दादा? आम्ही गटातले. आमची नावं यादीत नसतात."

हे त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. मिसेस लिम यांचं नाव कधी आलं नसेल, सुहासिनीचं आलं नसेल, गुरुवारी दमतात तरी. केशरी सदरे देणाऱ्यांचे असतात. घेणाऱ्यांना पिशवी मिळते. मी माझ्या पिशवीतून तो घडी घातलेला टीशर्ट काढून टेबलावर ठेवला.

"हा परत घे. आणि तुझं नाव लिही. आई गेली असं समज. तीच गेलीय."

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बराच वेळ बंद झाला नाही. प्रेमानंदनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एक एक अक्षर दाबत त्यानं माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहिलं. वर का, ते मी विचारलं नाही. वयानं मी मोठा. पण अकराव्या वर्षी ती त्याच्या वाट्याला आली होती आणि माझ्या वाट्याला चोविसाव्या.

बुधवारी यादी वाचली गेली. मिसेस लिम यांनी माझा हात धरला. "फार वाईट झालं," त्या म्हणाल्या. "कधी?" मी फेब्रुवारी म्हणालो. त्यांनी मनात महिने मोजले, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि प्रेमानंदकडे पाहिलं. आता कोणीतरी त्याला बोलेल, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो. कोणी बोललं नाही. ती फार सभ्य माणसं होती. त्यांनी त्याच्यासाठी सांत्वन मागितलं, साठसत्तर जणांनी एकदम. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ढोलवाला आपल्या पेटीत स्वस्थ बसून होता.

दोन दिवसांनी मी परत आलो. विमानतळावर त्यानं मला सामानासोबत एक संत्र्यांची पिशवी दिली, गोह आजीनं पाठवलेली. ती विमानात नेता येते की नाही यावरून त्याचं आणि नितीनचं बोलणं झालं. सूचना वाचून पाहिली. नेता येत होती.

प्रेमानंद अजून नगरला आलेला नाही. यायचं म्हणतो. मंगळवारच्या भेटी सुरू आहेत, केशरी सदरे नवे शिवले आहेत असं ऐकतो, आणि त्या सगळ्या प्रकाराबद्दल माझं मत वर लिहिलं आहे तेच आहे. विजयाच्या थडग्यावर अजून दगड बसवलेला नाही. त्याच्यासाठी मी थांबलो आहे.

दर बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास, तिथं सभा सुरू व्हायच्या वेळी, फोनवर मला यादी येते. मी ती सगळी वाचतो. आजाऱ्यांत विजयाचं नाव नाही. शोकात असलेल्यांत दोन नावं आहेत. पहिलं त्याचं, दुसरं माझं.